जर्मनीतले जुने प्लॅस्टिकचे बिल्ले: ओळखायचे कसे, टिकवायचे कसे, आणि जमवायचे का?

राईनकाठ

नमस्कार मंडळी. नाण्यांवर आणि तिकिटांवर इथे पुष्कळ धागे आहेत. बिल्ल्यांवर, त्यातही जर्मनीतल्या सभा, मेळे, क्रीडामहोत्सव आणि वर्गणी-मोहिमांच्या बिल्ल्यांवर, एकही सापडला नाही, म्हणून हा काढतोय.

मी ड्युसेलडॉर्फजवळ राहतो. इथल्या फ्लोमार्क्टमध्ये, म्हणजे जुन्या बाजारात, पत्र्याच्या डब्यांतून हे बिल्ले दिसतात. धातूच्या बिल्ल्यांवर गर्दी असते. प्लॅस्टिकचे कोणी विचारत नाही, आणि मला नेमके तेच आवडतात. पहिल्या महायुद्धाच्या आधीपासून दुसरं संपेपर्यंतच्या काळात जर्मन रसायन उद्योगाने जे जे कृत्रिम पदार्थ बाजारात आणले, त्यातले बरेचसे या दीड-दोन इंचांच्या वस्तूंमध्ये उतरलेले दिसतात. पक्षी, फुलं, परीकथेतली पात्रं, विमानं... नक्षीकाम इतकं बारीक की भिंगातून बघत बसावं.

तीन प्रश्न आहेत.
१. बिल्ल्याला इजा न करता तो कशाचा आहे हे कसं ओळखायचं?
२. टिकवायचा कसा? पुढेमागे संग्रह पुण्याला न्यायचा विचार आहे.
३. यातले पुष्कळ बिल्ले १९३३ ते १९४५ या काळातले, म्हणजे नाझी राजवटीतले आहेत. ते जमवावेत का? माझं मत आहे की जमवावेत, पण ते कशासाठी निघाले हे सांगूनच. तुमचं मत ऐकायचंय.

पिनकोड

वाचनखूण साठवली. फोटो टाका ना काका, फोटोशिवाय बिल्ल्यांचा धागा म्हणजे अन्याय आहे.

अणुरेणू

पॉलिमर हा माझा पोटापाण्याचा विषय, त्यामुळे पहिल्या प्रश्नाला सविस्तर लिहिते.

सगळ्यात आधी: तापवलेली सुई टोचून वास घ्यायची युक्ती सगळीकडे सांगतात, ती करू नका. एक तर कायमचं भोक पडतं. दुसरं म्हणजे तो तुकडा सेल्युलॉइडचा निघाला तर भसकन पेटतो. सेल्युलॉइड म्हणजे नायट्रोसेल्युलोज आणि कापूर.

त्या काळातल्या बिल्ल्यांत साधारण हे पदार्थ भेटतील:

सेल्युलॉइड सगळ्यात जुनं, १८७० च्या आसपासचं. पातळ पत्र्यातून कापलेले किंवा छापील कागदावर पारदर्शक थर चढवलेले गोल बिल्ले बहुधा याचे. बोटाने जोरात घासलं की कापराचा वास येतो.

गॅलालिथ दुधातल्या केसीनपासून बनतं. १८९७ मध्ये क्रिशे आणि स्पिटेलर यांनी त्याचं पेटंट घेतलं, पुढे हॅम्बुर्गशेजारच्या हारबुर्गमध्ये कारखाना चालला. घासल्यावर जळक्या दुधाचा किंवा ओल्या लोकरीचा वास येतो. बटणं आणि दागिने याचेच जास्त.

बेकेलाइट हे फिनॉल-फॉर्माल्डिहाइड. रसायनतज्ञ बेकलंडची पद्धत १९०७ ची, आणि १९१० मध्ये बर्लिनजवळ एर्कनरला कारखाना निघाला. रंग बहुतेक तपकिरी किंवा काळा. घासल्यावर कार्बोलिक साबणासारखा वास.

सेल्युलोज ॲसिटेट दिसायला सेल्युलॉइडसारखं, पण तसं पेटत नाही. म्हातारं झालं की व्हिनेगरचा वास सोडतं.

शेवटचं पॉलिस्टायरीन. आय. जी. फार्बेन या जर्मन रसायन कंपनीने १९३० च्या सुमारास लुडविगसहाफेनला याचं उत्पादन सुरू केलं, आणि ट्रोलिटुल या नावाने ते विकलं जाई. टेबलावर हलकेच टाकलं तर काचेसारखं खणखणतं. तुम्ही म्हणताय ते पक्षी-फुलांचे कोरीव बिल्ले १९३० च्या दशकाच्या उत्तरार्धातले असतील, तर ॲसिटेट किंवा पॉलिस्टायरीन असण्याची शक्यता जास्त. कारण हे दोन्ही तापवून, दाब देऊन साच्यात भरता येतात. एका साच्यातून भराभर हजारो नग.

विक्रेते सरसकट सगळ्याला बेकेलाइट म्हणतात. त्यावर विसंबू नका.

जुनाबाजार

@अणुरेणू, झकास प्रतिसाद. एक शंका. बाजारात उठावदार चेहरा असलेला, साच्यातून काढलेला बिल्ला "गॅलालिथ" म्हणून दाखवतात. ते खरं असू शकतं?

अणुरेणू

शक्यता फार कमी. गॅलालिथ वितळवून साच्यात ओतता येत नाही. त्याचे पत्रे आणि दांडे करायचे, ते फॉर्मॅलिनमध्ये कित्येक आठवडे, जाड असतील तर महिने मुरवायचे आणि मग कापायचे, कातायचे. फार तर गरम करून उथळ ठसा उमटवता येतो. खोल उठाव आणि बाजूला साच्याच्या दोन भागांची बारीक रेघ दिसली तर ते गॅलालिथ नाही असंच धरा. लाखांनी नग काढायचे तर इतका वेळ कोणाला होता?

सांजवेळ

मी वाचलंय की मिठाच्या पाण्यात टाकून ओळखता येतं. खरं का?

अणुरेणू

हो, सोपी आणि चांगली चाचणी आहे. पॉलिस्टायरीनची घनता साधारण १.०५, म्हणून ते साध्या पाण्यात बुडतं. १०० मिली पाण्यात ३५-३६ ग्रॅम मीठ विरघळवलं की पाण्याची घनता १.२ च्या जवळ जाते आणि पॉलिस्टायरीन वर येतं. सेल्युलॉइड, गॅलालिथ, ॲसिटेट, बेकेलाइट हे सगळे १.२५ च्या वरचे, ते तळाशीच राहतात.

दोन अटी. मागे लोखंडी पिन असेल तर चाचणी फसवी ठरते, कारण पिनेच्या वजनाने पॉलिस्टायरीनही बुडेल. शिवाय मिठाने पिन गंजेल ते वेगळंच. दुसरी अट, गॅलालिथची शंका असेल तर पाणी नकोच, ते पाणी पिऊन फुगतं आणि नंतर तडकतं. पिन पडून गेलेल्या तुटक्या बिल्ल्यावरच करा, मग साध्या पाण्याने धुऊन लगेच टिपून घ्या.

जुनाबाजार

आता तिसऱ्या प्रश्नाकडे येतो. राईनकाठ, तुमचा हेतू चांगला आहे, पण मी विरोधात आहे. मी नाणी जमवतो, मंडईपासून जुन्या बाजारापर्यंत सगळीकडे उठबस आहे. आपल्याकडे हिटलरबद्दल अज्ञानातून आलेलं एक कौतुक आहे, शिस्त वगैरे. त्या काळातली वस्तू पुण्यात आली की दहांतले आठ जण तुमची रसायनशास्त्राची टिपणं वाचणार नाहीत, नुसतं "भारी!" म्हणतील. शिवाय मागणी वाढली की किंमत वाढते आणि नकला निघतात. पूर्व जर्मनीचे जमवा, वायमार काळातले, म्हणजे नाझींच्या आधीच्या प्रजासत्ताकातले, जमवा. बारा वर्षं वगळली तर काय बिघडतं?

मोहोर

+१. त्या काळातलं काही घरात ठेवायची कल्पनाही नको वाटते.

राईनकाठ

@जुनाबाजार, @मोहोर, तुमची काळजी समजते. पण ती बारा वर्षं वगळली तर जे सांगायचं आहे तेच हातातून जातं. कोणते बिल्ले म्हणतोय ते आधी सांगतो.

बहुसंख्य प्लॅस्टिकचे बिल्ले "विंटरहिल्फ्सवेर्क"चे आहेत, म्हणजे हिवाळी मदत मोहिमेचे. मुळात ही मदत १९३१ मध्ये, मंदीच्या ऐन भरात, चॅन्सेलर ब्रुनिंगच्या सरकारच्या काळात सुरू झाली. १९३३ मध्ये नाझींनी ती ताब्यात घेतली आणि जणू आपणच शोधून काढली असा गाजावाजा केला. एरिक हिल्गेनफेल्ट तिचा प्रमुख. ऑक्टोबर ते मार्च रस्त्यारस्त्यात लाल डबे खुळखुळवत स्वयंसेवक फिरायचे. साधारण २० फेनिग (मार्कचा शंभरावा भाग म्हणजे फेनिग) टाकले की बिल्ला मिळायचा. दर खेपेला नवी मालिका. मुलं संच पुरा करायला आईबापांच्या मागे लागायची, त्यामुळे एका घरातून चार-पाच बिल्ल्यांचे पैसे निघायचे.

नाव वर्गणीचं, पण नाही म्हणायची सोय फारशी नव्हती. पगारातून कापून घ्यायचे. दिलेल्यांना दारावर लावायला महिन्याची पाटी मिळायची, त्यामुळे ज्याच्या दारावर पाटी नाही तो आपसूक उघडा पडायचा. कोटावर बिल्ला असला की पुढच्या चौकातला डबेवाला अडवायचा नाही, म्हणून लोक बिल्ला लावूनच बाहेर पडत. १९३४ पासून डिसेंबरात एक दिवस तर मंत्री आणि सिनेनट स्वतः डबे घेऊन रस्त्यावर उभे राहत. १९३५ मध्ये ज्यूंना या मदतीतून वगळलं, त्यांना स्वतःची वेगळी हिवाळी मदत उभारावी लागली. घोषणा मात्र होती की कोणी उपाशी राहणार नाही, कोणी गारठणार नाही.

आता हे समोर ठेवून तो इवलासा पिवळा पक्षी बघा. त्याच्यावर स्वस्तिक नाही, गरुड नाही. एखाद्या आजीच्या शिवणाच्या डब्यातला वाटेल असा आहे. लोकांना असं हळूहळू सामील करून घेतलं गेलं, हे मला या पक्ष्यांतून जितकं स्पष्ट दिसतं तितकं गरुडवाल्या पदकातून दिसत नाही. म्हणून जमवावेत म्हणतो.

सांजवेळ

हे वाचून शाळेतला ध्वजदिन आठवला. ७ डिसेंबरला बाई छोटा कागदी झेंडा शर्टाला टाचायच्या आणि पैसे द्यायचे. तिथे सक्ती वाटली नव्हती, पण ज्याने आणले नाहीत तो मुलगा मान खाली घालून बसायचा हे आठवतंय. छातीवरच्या छोट्या खुणेत केवढा जोर असतो.

पिनकोड

आमच्या वर्गात एकाने मागच्या वर्षीचा झेंडा इस्त्री करून आणला होता. बाईंनी ओळखला.

राईनकाठ

@पिनकोड, हा हा! जर्मनीतही जुना बिल्ला लावून चाललं नसतं. दर खेपेला नवी मालिका काढण्यामागचा एक हिशोब तोच.

अंबानगरी

थोडं अवांतर, पण संबंध आहे. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी आमच्या अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचं पथक तिथे गेलं होतं. कबड्डीसह आपले देशी खेळ त्यांनी तिथे करून दाखवले. त्या ऑलिंपिकचे प्लॅस्टिकचे बिल्ले असतात का? एखादा अमरावतीत कोणाच्या ट्रंकेत निघाला तर काय मजा येईल!

राईनकाठ

वा, हे छान आठवलंत. ऑलिंपिकचे जे बिल्ले मी हातात घेतलेत ते धातूचे. घंटा हे त्या स्पर्धेचं चिन्ह होतं, ते काहींवर असतं. कोणाच्या घरी असं काही असेल तर जपा, आणि सोबत पथकातल्या माणसाचं नाव, फोटो, पत्रं असतील तर ती बिल्ल्याहून जास्त जपा.

अणुरेणू

जमवावेत की नाही या वादात माझ्या क्षेत्रातला एक माणूस आणते: आर्थर आइशेनग्र्यून.

जन्म १८६७, आखेनचा ज्यू रसायनतज्ञ. बायर या औषध कंपनीत काम केलं, ॲस्पिरिनच्या शोधात आपला मोठा वाटा होता असा त्याचा दावा होता आणि त्यावर अजून वाद चालतो. सेल्युलोज ॲसिटेटच्या क्षेत्रात मात्र त्याचं मोठेपण वादातीत आहे. सेल्युलॉइडसारखं दिसणारं पण तसं न पेटणारं 'सेलॉन' त्याचं. ॲसिटेटची पूड तापवून दाबाने साच्यात भरायची पद्धत त्याने १९१९ च्या सुमारास विकसित केली. इंजेक्शन मोल्डिंगच्या अगदी सुरुवातीच्या पायऱ्यांपैकी ही एक.

१९३८ मध्ये त्याला आपली कंपनी सोडावी लागली. १९४४ मध्ये त्याला टेरेझिनच्या छळछावणीत पाठवलं. तो वाचला, १९४९ मध्ये वारला.

म्हणजे, ज्या तंत्राची पायाभरणी एका ज्यू रसायनतज्ञाने केली, त्याच जातीच्या तंत्रातून निघालेले बिल्ले विकून उभारलेल्या मदतीतून ज्यूंना वगळलं गेलं. बारा वर्षं वगळली तर आइशेनग्र्यूनही वगळला जातो. मी राईनकाठ यांच्या बाजूने.

मोहोर

हे माहीत नव्हतं. अंगावर काटा आला. घरात ठेवणार नाही, पण कोणी नीट मांडले तर बघायला नक्की जाईन.

मायनकाठ

फ्रँकफुर्टहून लिहितोय, कायद्याशी रोजचा संबंध आहे म्हणून थोडं स्पष्ट करतो. जर्मन दंडसंहितेचं कलम ८६अ असंवैधानिक संघटनांची चिन्हं जाहीरपणे वापरायला आणि पसरवायला बंदी घालतं. स्वस्तिक त्यात येतं. अशी वस्तू स्वतःच्या कपाटात नुसती असणं हा गुन्हा नाही. शिक्षण, संशोधन, कला, इतिहासाची माहिती यांना अपवाद आहे. बाजारात विक्रेते चिन्हावर कागद चिकटवून ठेवतात ते याचमुळे.

हिवाळी मदतीच्या पक्षी-फुलांवर असं चिन्ह नसतं, तिथे सहसा अडचण येत नाही. पण बिल्ला उलटून बघायची सवय ठेवा. आणि चिन्ह असलेल्याचा फोटो नुसता 'बघा काय मिळालं' म्हणून समाजमाध्यमावर टाकू नका, तिथे अपवादाचा आधार डळमळतो.

जुनाबाजार

आइशेनग्र्यूनच्या प्रतिसादाने मला विचारात टाकलं हे खरं. माझा विरोध सौम्य करतो, एका अटीवर: बिल्ला आणि टिपण वेगळं करायचं नाही. विकतानाही नाही.

आता नकलांबद्दल. बनावट माल गरुड-स्वस्तिकवाल्या धातूत जास्त असतो, कारण तिथे पैसा आहे. प्लॅस्टिकचे हिवाळी बिल्ले इतक्या प्रचंड संख्येने निघाले की आजही स्वस्त आहेत, नक्कल करणाऱ्याला परवडत नाही. तरी घेताना मागची बाजू बघा. राळ ओतून केलेल्या नकलेत भिंगाखाली हवेचे बुडबुडे दिसतात आणि बारीक रेषा बोथट झालेल्या असतात. मूळ नगावर कधी कारखान्याचं नाव, कधी "गेस. गेश." ही नोंदणीची अक्षरं असतात. चकचकीत नवी पिन आणि पिवळं पडलेलं अंग अशी जोडी दिसली तर थांबा.

संग्रहपाल

दुसऱ्या प्रश्नाला कोणी हात लावला नाही, तो मी घेतो. वस्तुसंग्रहालयात जतनाचं काम करतो.

सगळ्यात महत्त्वाचं: सेल्युलॉइड वेगळं ठेवा. ते हळूहळू विघटित होतं आणि नायट्रोजनचे ऑक्साइड सोडतं. दमट हवेत त्यांचं आम्ल होतं. ते शेजारच्या बिल्ल्यांना खातं, पिना गंजवतं, आणि पुन्हा त्याच सेल्युलॉइडचा नाश वेगाने करतं. पितळी पिनेभोवती हिरवट थर, पृष्ठभागावर चिकटपणा, आत बारीक चिरांचं जाळं दिसलं की त्या नगाला त्याच दिवशी बाकीच्यांतून बाहेर काढा. ॲसिटेटचंही असंच, फक्त तिथे व्हिनेगर सुटतो. त्यालाही वेगळी जागा द्या.

हवाबंद डबा नको. लोक प्रेमाने घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवतात आणि सुटलेलं आम्ल आतच कोंडतं. हवा खेळती हवी. नाण्यांच्या अल्बमची मऊ पीव्हीसी पानं अजिबात नकोत, त्यातलं तेलकट द्रव्य बिल्ल्यात उतरतं. आम्लमुक्त कागद आणि साध्या पुठ्ठ्याऐवजी आम्लमुक्त पुठ्ठ्याच्या पेट्या वापरा.

हवेतली आर्द्रता ४० ते ५० टक्के असावी. ड्युसेलडॉर्फच्या घरात हे जमेल, पुण्याच्या पावसाळ्यात जमणार नाही, मुंबई-कोकणाचं तर बोलायलाच नको. तिथे कपाटात आर्द्रतामापक ठेवा, सिलिका जेल वेळच्या वेळी तापवून कोरडं करा. बाहेरच्या भिंतीला लागून असलेलं कपाट, माळा, पोटमाळा टाळा. उन्हात मांडू नका, पॉलिस्टायरीन पिवळं पडून ठिसूळ होतं.

साफसफाई मऊ कोरड्या ब्रशने. ॲसिटोन, नेलपॉलिश रिमूव्हर, थिनर यांतलं काहीही नाही. पॉलिस्टायरीन आणि ॲसिटेट त्यात विरघळतात. गंजलेली पिनही उपटू नका, तिच्यासोबत मागचा टवका निघतो.

सांजवेळ

हे वाचून आईच्या जुन्या फण्या आणि केसातले चाप असलेला डबा उघडून बघितला. एकाचा खरंच कापराचा वास येतोय! वेगळा काढून ठेवला.

लाइपझिगची_वारी

उशिरा आलो. ऐंशीच्या दशकात पूर्व जर्मनीत शिकायला होतो, त्यामुळे त्या बाजूने थोडं.

लाइपझिगच्या व्यापारी जत्रेचं चिन्ह म्हणजे एकावर एक दोन एम. ते १९१७ पासूनचं, एरिक ग्रुनरचं. त्या चिन्हाचे वर्षावर्षाचे बिल्ले निघत, आणि भारताचं दालनही जत्रेत असायचं. १९७३ च्या पूर्व बर्लिनमधल्या जागतिक युवक महोत्सवाचं रंगीत पाकळ्यांचं फूल तर तिथल्या घराघरांत होतं.

प्लॅस्टिकबद्दल तिथे अभिमान होता. १९५८ मध्ये राज्यकर्त्यांनी रसायन उद्योगाचा मोठा कार्यक्रम जाहीर केला: रसायनं भाकरी, समृद्धी आणि सौंदर्य देतील अशी घोषणा. श्कोपाऊ गावातल्या प्लॅस्टिक कारखान्याची जाहिरात महामार्गावरून जाणाऱ्या प्रत्येकाला पाठ असे. ट्राबांट गाडीचं अंगसुद्धा फिनॉलच्या राळेत कापसाचा टाकाऊ धागा दाबून केलेलं, म्हणजे बेकेलाइटचंच नात्यातलं.

म्हणून राईनकाठ, माझी सूचना अशी की १९४५ ला थांबू नका. तेच कारखाने, तीच यंत्रं, आणि दुसरी राजवट पुन्हा बिल्लेच वाटतेय. मालिका तिथवर नेलीत तर हे जास्त ठळक दिसेल. तिथेही बिल्ला न लावणारा डोळ्यांत यायचा.

अंबानगरी

@लाइपझिगची_वारी काका, यावर स्वतंत्र धागा काढा ना! शिकायला गेलात तेव्हाच्या आठवणींसकट.

राईनकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. जे ठरवलं ते लिहितो.

मांडणी वर्षांप्रमाणे किंवा राजवटींप्रमाणे न करता पदार्थांप्रमाणे करणार. सेल्युलॉइड, गॅलालिथ, बेकेलाइट, ॲसिटेट, पॉलिस्टायरीन, आणि मग लाइपझिगवाल्या काकांच्या सूचनेप्रमाणे श्कोपाऊपर्यंत. आइशेनग्र्यूनची माहिती ॲसिटेटच्या पेटीत, हिवाळी मदतीची संपूर्ण हकिकत पक्ष्यांच्या बाजूला. स्वस्तिक असलेले घेणार नाही. माझा मुद्दा त्यांच्यावाचून अडत नाही आणि जुनाबाजार यांची भीती खरी आहे. टिपण आणि बिल्ला एकाच पुठ्ठ्यावर, सुटं होणार नाही असं.

सेल्युलॉइडचे पुण्याला नेत नाही. संग्रहपाल यांचा प्रतिसाद वाचल्यावर ते इथल्याच कोरड्या खोलीत बरे.

@संग्रहपाल, एक शेवटची शंका. काही बिल्ल्यांना पिनेऐवजी दोरा असतो, कोटाच्या बटणाला बांधायला. मूळ दोरा काढावा का?

संग्रहपाल

काढू नका. दोरा हा त्या वस्तूचाच भाग आहे, लोक तो कसा लावत हे त्यावरूनच कळतं. फक्त बिल्ल्याला गुंडाळू नका. आम्लमुक्त कागदाची छोटी घडी करून तिच्यावर सैल ठेवा, गाठ जशी आहे तशीच राहू द्या. दोरा रंगीत असेल तर त्याचा रंग प्लॅस्टिकला लागतोय का ते अधूनमधून बघत जा.

पिनकोड

आणि फोटो!

राईनकाठ

शनिवारी दिवसाउजेडी काढतो, पुढून-मागून दोन्ही. आधी पॉलिस्टायरीनचे पक्षी टाकतो.